मी हाळी दिली नाही

हे मी कुमुदला सांगितलं नाही, म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. बाकी सगळं तिला सांगत आलो — शाळेतली भांडणं, वरिष्ठांची बोलणी, वाचलेल्या पुस्तकांतली पानंच्या पानं. हे एवढंच राहिलं. राहिलं म्हणतो, पण ठेवलं मी. कुमुद माझी पत्नी. तिला जाऊन आता आठ महिने होतील.

एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. पोर्तुगीज जाऊन फार वर्षं झाली नव्हती. सिल्वासात नव्या शाळा, नवी ऑफिसं, आणि ती चालवायला मुंबई-कोकणातून आलेले आमच्यासारखे नोकरदार. चार क्वार्टर्स एका ओळीत, मागे सगळ्यांची मिळून एक विहीर. आम्हाला मूलबाळ नव्हतं. होणार नाही, हेही एव्हाना कळलं होतं.

खानवेलच्या बाजूला दमणगंगा एका वळणावर इतकी पसरायची की लोक तिला तळंच म्हणत. पलीकडे मासे धरणाऱ्यांची वीसेक घरं. शाळेत न येणाऱ्या मुलांची यादी करायला मला तिथे जायचं होतं. रविवार होता, कुमुद म्हणाली, मीही येते. ठरलेल्या वेळी सुटणारी होडी तिथे नव्हती. अलीकडच्या काठावर उभं राहून हाळी द्यायची — लांब, ताणून — की पलीकडून कुणीतरी होडी घेऊन यायचं. त्या दिवशी जान्या आला.

लखमी त्याची मुलगी, आठ-नऊ वर्षांची. मी त्याच्या अंगणात बसून नावं लिहीत होतो, तोवर कुमुदने तिला ओल्या वाळूत काडीने अक्षरं काढून दाखवली. आम्ही निघेपर्यंत ती पोर न बघता अक्षरं काढत होती. कुमुद माझ्याकडे वळली. "अहो, हिला नेऊ या का? आपल्याकडे राहील, शाळेत जाईल." जान्याच्या बायकोने आधी तोंडावर पदर घेतला, हसली, मग म्हणाली, "ने बाय. पन मारू नको तिला."

ठरलं. शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी मी यायचं. पुढे पाणी चढलं की होडी दिवाळीपर्यंत बंद. जान्या म्हणाला, "मास्तर, तू नुसती हाळी दे. मी आयकीन आन येईन."

कुमुदने पिवळा फ्रॉक शिवला आणि जान्या बाजाराला आला तेव्हा त्याच्याबरोबर पाठवला. पाटी आणली. आणि मी? मी विहिरीवर ऐकत होतो. शेजारचे हेडक्लार्क बादली ओढता ओढता म्हणाले, "काय गुरुजी, पोरगी आणताय की जाळं? विहिरीत पाणी नाही, मासे कुठून आणू आम्ही?" सगळे हसले. मीही हसलो — मोठ्याने. त्यांची बायको कुमुदला म्हणाली, "वहिनी, आता तुमची दोरी वेगळी ठेवा हं." कुमुद म्हणाली, "ठेवते की," आणि दुसऱ्याच दिवशी बाजारातून नवी दोरी घेऊन आली. तिला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं.

रविवारी मी गेलो. पाणी अगदी स्थिर होतं. पलीकडे पिवळा ठिपका दिसत होता — मांडीवर बोचकं घेऊन ती काठाशी बसली होती. मी करंजाच्या झाडाआड उभा राहिलो. झाडाआड — हा शब्द लिहायला मला दोन दिवस लागले. काम काय होतं? तोंड उघडायचं, एवढंच. किती वेळ उभा होतो? झाडाची सावली पायांवरून सरकून मागे गेली, एवढं आठवतं. मग सडकेवर आलो आणि बस धरली.

घरी सांगितलं, बाप नाही म्हणाला. आई तर भांडायलाच उठली, पोरीचं लग्न ठरवतायत. आई भांडली, हे का रचलं? कुमुदने पुन्हा जाऊन विचारू नये म्हणून. तिने पाटी फडताळात वर ठेवून दिली.

पण याहून वाईट ते पुढचं. चार दिवसांनी जान्या शाळेच्या फाटकाशी आला. मला वाटलं, आता जाब विचारील. तो हात जोडून उभा राहिला. "मास्तर, चूक झाली आमची. वारा उलटा असंल, तुझी हाळी आयकू नाय आली. पोर दोन दिस तिथंच बसली, जेवाया पन उठली नाय. तू लय ओरडला असशील ना?"

"हो," मी म्हणालो. "घसा बसला."

त्याने मान खाली घातली. म्हणाला, "उद्या आनू काय तिला?" मी म्हणालो, वर्ग भरले आता, पुढच्या साली बघू. बाईंना बरं नाही, घरी जाऊ नकोस. तो बरं म्हणून गेला. पुढचं साल यायच्या आत मी बदली मागून घेतली.

कुमुदने आयुष्यभर कुणाला वाईट म्हटलं नाही — लखमीची आई सोडून. दर जूनमध्ये, शाळा उघडल्या की, एकदा तरी म्हणायची, "कशी आई म्हणायची हो ती?" मी वर्तमानपत्र वाचत असायचो. नसलो तर उघडायचो.

शेवटच्या आजारात एका दुपारी तिने मला जवळ बसवलं. म्हणाली, "त्या बाईला मी मनातून फार बोलले हो. बिचारी, तिला तरी काय कळणार? मी माफ केलं तिला."

तिचा हात माझ्या हातात होता. ती शुद्धीवर होती, तिला नीट ऐकू येत होतं, खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, "बरं केलंस."