काळीला कशाला रुमाल?

इंदूबाई गेल्याचं भावानं सांगलीला येऊन सांगितलं, तेव्हा मी अंगणात पापड वाळत घालत होते. महिना होत आला, पण त्यांचं नाव निघालं की अजून रडण्याआधी लाजच वाटते…

पाटणच्या शाळेत त्या आम्हाला आठवीला शास्त्र शिकवायच्या. दुष्काळाचं साल होतं. श्रमदानाला आम्ही पोरंपोरी बोडक्यानं माती वाहायचो आणि माना भाजून घरी जायचो. बाई कानीकपाळी ओरडायच्या, डोकं झाका, लांब बाह्यांचं घाला, भर दुपारी सावलीला बसा. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी वैतागून म्हणाल्या, "उन्हात काळ्या पडाल गं, मग कोण करून घेणार तुम्हाला?" दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या पोरी रुमाल बांधून हजर. पोरं मात्र खिदळत तशीच बोडकी. त्यांना कुठं कोण बघायला येणार होतं!

एक मीच पोरगी बोडकी होते. घरात रुमाल एकच, तो आईनं गोऱ्या बहिणीला दिला. "काळीला कशाला रुमाल?" म्हणाली, आणि मला ते पटलंही. बाईंनी विचारलं तेव्हा मी सरळ बोलले, "बाई, मी आदीच काळी हाय. तुमीबी हायसा. आपल्याला काय व्हतंय उनानं?"

वर्गात हशा पिकला. बाई खरंच माझ्याएवढ्याच काळ्या होत्या. जवळ येऊन त्यांनी माझ्या पोलक्याचा गळा मागं ओढला. मान सोलवटून निघाली होती.

"दुखतंय का?"

"लय दुखतंय."

त्या वर्गाकडे वळल्या. "काल मी चुकीचं शिकवलं. ऊन रंग बघून पोळत नाही. पोरांनो, तुम्हालाही पोळतं." मग पदराचं टोक भिजवून त्यांनी माझ्या मानेवर धरलं. आपल्याही कातडीला कुणी जपायचं असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तेराव्याला मी हार घेऊन पाटणला गेले. भिंतीवर फोटो दिसेना. बाईंच्या यजमानांना विचारलं, तर ते ओशाळून म्हणाले, "फोटोच न्हाई. लगीन झाल्यापासनं कवा काढूनच दिला न्हाई तिनं. म्हणायची, हे काळं तोंड भिंतीला कशाला?"

हार मग बाईंच्या खुर्चीच्या पाठीला घातला. मला मान वर करवेना.