ओठ हलवा, आवाज नको

निवृत्तीनंतर मी झाशीच्या मराठी मंडळाचे वृंदगान सांभाळू लागलो. त्याआधी तीस वर्षे रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात होतो. कुठली गाडी थांबवायची आणि कुठली पुढे सोडायची, हे टेलिफोनवरून सांगण्याचे काम. हुकूम देण्याची सवय तिथे लागली आणि ती मी मंडळात घेऊन आलो. हे सबब म्हणून लिहीत नाही.

वृंदात अठरा-वीस जण असत. पुढे बायकांची रांग, मागे पुरुषांची. बहुतेक रेल्वेची कुटुंबे. काही जवळच्या बबिन्याच्या लष्करी छावणीतली, बदली झाली की जागा रिकामी करून जाणारी. तालीम रविवारी दुपारी. तरुण मंडळी घरात मराठी ऐकत आणि उत्तर हिंदीत देत, त्यामुळे एकट्या 'ळ'वर माझा अर्धा तास जाई. मी पेटी वाजवी आणि पेटीमागूनच सूचना देई. उठून रांगांत फिरण्याची मला कधी गरज वाटली नाही.

मागच्या रांगेत डाव्या टोकाला एक निवृत्त मालगाडी ड्रायव्हर उभे राहत. माझ्याहून चार वर्षांनी लहान, अंगाने थोराड, बोलण्यात मिश्कील. नोकरीत आमची भेट झाली नव्हती, पण त्यांची गाडी मी अनेकदा अडकवून ठेवली असणार. ते मला त्यावरून टोचत. "साहेब, तुमच्या कृपेने चिरगावच्या लूप लाइनवर मी अख्खे उन्हाळे काढलेत." त्यांची पत्नी पुढच्या रांगेत होती. तिचा सूर पक्का होता. तिच्या आग्रहामुळेच ते वृंदात आले होते.

त्यांचा आवाज मोठा होता आणि सूर उतरलेला. दहा वर्षांपूर्वी आम्ही ग्वाल्हेरला स्पर्धेसाठी जाणार होतो. शेवटच्या तालमीनंतर मी त्यांना बाजूला घेतले आणि म्हणालो, "तुम्ही रांगेत उभे राहा. ओठ हलवा. आवाज नको."

"बरं साहेब," ते म्हणाले.

आमचा दुसरा क्रमांक आला. त्यांना काय सांगितले होते, ते मी परतीच्या गाडीतच विसरलो.

गेल्या वर्षी माझी बोटे पेटीवर चालेनाशी झाली. बबिन्याच्या एका सुभेदाराची पत्नी पेटीवर बसू लागली आणि मी प्रथमच रांगांमधून फिरलो. प्रत्येकाशेजारी थांबून कान देत डाव्या टोकाला पोहोचलो. ड्रायव्हरांचे तोंड उघडत होते. श्वास योग्य जागी घेतला जात होता. शब्द ओठांवर नीट उमटत होते. आवाज नव्हता.

प्रकृती बरी नसेल असे वाटले. तालीम संपल्यावर मी त्यांना आवारातल्या नळापाशी गाठले.

"घसा बसलाय का?"

"नाही."

"मग गात का नाही?"

मी चेष्टा करतो आहे की काय, याचा त्यांनी क्षणभर अंदाज घेतला. "तुम्हीच सांगितलं होतंत. ग्वाल्हेरच्या वेळी."

"ते ग्वाल्हेरपुरतं होतं."

"तसं म्हणाला नव्हतात." ते हसले. "पुढे रुळांचं काम चालू आहे, गाडी हळू हाका, अशी कॉशन ऑर्डर मिळते ना साहेब? ती उठल्याचं कळेपर्यंत ड्रायव्हर वेग वाढवतो का? वाढवला तर तुम्ही लोकच चार्जशीट देता."

"नऊ वर्षं?"

"उभी ड्यूटी. पेन्शनला धरा."

मला हसता आले नाही. पुढच्या रविवारी सर्वांसमोर माफी मागतो, असे मी म्हणालो. त्यांचे हसू गेले.

"तसलं काही करू नका. हिला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"ती पुढे उभी असते. मागून माझा आवाज येतो म्हणते. म्हणते, एवढ्या पुरुषांत तुमचा बरोबर ओळखू येतो. दर रविवारी घरी जाताना सांगते." त्यांनी नळ बंद केला. "एकदा सांगणार होतो. मग राहून गेलं."

दसऱ्यानंतर ते दोघे मुलाकडे नाशिकला कायमचे जाणार होते. गणपतीतला कार्यक्रम त्यांचा इथला शेवटचा होता.

"मग यंदा गा," मी म्हणालो. "हुकूम रद्द."

"लेखी द्या."

गाण्याच्या कागदामागे मी 'गावे' असे लिहून सही केली. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

पुढच्या रविवारी ते गायले. नऊ वर्षांत सूर आणखी उतरला होता. आवाज जाड, कोरडा आणि सर्वांच्या वर चढलेला. पुढच्या रांगेतून त्यांच्या पत्नीने मान वळवून मागे पाहिले. त्याच क्षणी माझा उजवा हात वर गेला, तळवा त्यांच्याकडे. थांबा. हात आपोआप उठला असे म्हणता येईल, परंतु हात माझाच होता. त्यांचा आवाज ओळीच्या मध्यावर तुटला. ओठ मात्र पुढे चालू राहिले.

मंगळवारी सकाळी मी दतिया गेटमागच्या त्यांच्या घरी गेलो. सर्व काही नीट बोलायचे ठरवून गेलो होतो. त्यांच्या पत्नीने चहा आणि शंकरपाळे पुढे ठेवले आणि मी तोंड उघडण्याआधीच विचारले, "भाऊजी, मागे कुणी नवीन घेतलंय का?"

"का?"

"फार बेसूर हो. रविवारी ह्यांचा आवाजच झाकून टाकला त्याने. मला काही ऐकू आला नाही. शेवटचा कार्यक्रम आमचा. काढा ना त्याला."

ड्रायव्हर तख्तावर बसून बशीत चहा ओतत होते. "हो ना," ते म्हणाले. "भोंगा वाजवत होतं कुणीतरी."

"शेजारीच असेल तुमच्या. तुम्ही का नाही टोकलंत? इतर वेळी तर तोंड बंद नसतं तुमचं!"

"बडे साहब बैठे हैं ना. ते बघतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खरे सांगू शकलो असतो. "पाहतो," एवढेच म्हणालो आणि चहा संपवला.

ते मला जिन्यापर्यंत सोडायला आले. तिला सांगून टाका, असे मी म्हणालो.

"सांगितलं तर तिने इतकी वर्षं ऐकलेलं सगळं खोटं ठरेल," ते म्हणाले. "एवढं मोजून मला गायचं नाही. आणि साहेब, आता हुकूम तुमचा नाही. हिचा आहे."

गणपतीतल्या कार्यक्रमात मी श्रोत्यांकडे पाठ करून वृंदासमोर उभा राहिलो. दुसऱ्या कडव्यात पुरुषांना एक खालचा सूर लांब धरायचा असतो. तिथे मी त्यांच्याकडे पाहून हात वर उचलला. या. त्यांना तो दिसला. त्यांनी पुढे उभ्या असलेल्या पत्नीच्या अंबाड्याकडे पाहिले, मान किंचित हलवली आणि ओठ हलवत राहिले. बाकी पुरुषांचा सूर स्वच्छ लागला. माझ्या कानांना बरे वाटले. हेही लिहिले पाहिजे.

प्रसाद वाटताना त्या दोघांनी मला गाठले.

"काढलंत ना त्याला?" ती म्हणाली. "आज ह्यांचा आवाज किती स्पष्ट आला. आला ना भाऊजी?"

"आला."

"सुरात होता का साहेब?" ड्रायव्हरांनी विचारले. या वेळी ते थट्टा करत नव्हते.

"होता," मी म्हणालो.

दसऱ्यानंतर ते गेले. मी वृंद सुभेदाराच्या पत्नीच्या हवाली केला. दिवाळीच्या सुमारास नाशिकहून ड्रायव्हरांच्या पत्नीचा फोन आला. तिकडे घराजवळच वृंदगान चालते, ती जाऊ लागली आहे. "हे मात्र येत नाहीत. एवढा चांगला आवाज, आणि नको म्हणतात. तुम्हीच समजवा, तुमचं ऐकतात." तिने फोन त्यांच्या हातात दिला.

"बोला साहेब."

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तेव्हाही, आणि त्या रविवारीही."

पलीकडे ती शेजारीच उभी असावी. काय म्हणताहेत, असे विचारल्याचे मला ऐकू आले.

"हो हो," ते मोठ्याने म्हणाले. "इकडची हवा मानवली आम्हाला. तुम्ही तब्येत सांभाळा."