तांबड्याची गुरगुर

आमचा तांबडा पहिल्यांदा माझ्या वडिलांवर गुरगुरला, तेव्हा ते त्याच्यासाठीच रात्रीची उरलेली भाकर घेऊन चालले होते. पौषातली सकाळ होती. कारंज्याहून इंझोरीकडे जाणाऱ्या वाटेला लागून आमचा भाजीपाल्याचा मळा होता आणि विहिरीजवळच्या खोपटात आम्ही चौघं राहत होतो: वडील, माय, मी आणि लग्नाला वर्ष झालेली माझी बायको. वडील वांग्यांच्या वाफ्यापर्यंत गेले आणि समोर तांबडा थबकला. शेपूट पोटाखाली गेलं, ओठ मागं ओढले गेले, आणि घशातून जात्यात खडा अडकल्यासारखा आवाज निघाला.

"अबे, मी हाय ना!" वडील म्हणाले. "डोये फुटले का तुहे?"

आवाज ऐकून तो गप्प झाला, पण जवळ आला नाही. वडिलांनी भाकर तिथंच टाकली. दुपारी ऊन चढल्यावर हाच तांबडा त्यांच्या पायांत लोळत होता. वडील हसले, म्हणाले, "मालकाले जामीन मागून राह्यला व्हता लेकाचा."

दोन दिवसांनी तो मायवर गुरगुरला. तेव्हा कोणी हसलं नाही.

कारण त्या हिवाळ्यात आमच्या भागात एक पिसाळलेलं कुत्रं फिरून गेलं होतं. इंझोरीकडचा एक गाडीवान त्याच्या चाव्यानं मेला होता, आणि त्याला शेवटी पाहायला गेलेल्यांत माझे वडील होते. तिथून आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं की तांब्या तोंडाजवळ नेला की त्या माणसाचा घसा आपोआप आवळायचा आणि पाण्याकडं पाहून तो ओरडायचा. पण त्या दिवसापासून तांबड्यानं पाटातलं पाणी चाटलं की ते हातातलं काम थांबवून बघत उभे राहत.

मला सगळ्यांत जास्त भीती वाटत होती ती एका गोष्टीची: तांबडा माझ्यावर कधी गुरगुरत नव्हता. पिसाळलेलं जनावर माणूस निवडतं का? माय म्हणे, "तुह्या हातचं खाते ना, म्हनून." पण त्याला खायला तर बायको घालायची.

मग त्याच्या तोंडाला तीच सापडली. सकाळी ती वडिलांची न्याहारी घेऊन विहिरीकडं निघाली होती. तांबडा वाटेत गुरगुरत उभा राहिला. तिनं "हाड" म्हणून हात पुढं केला आणि त्यानं तो धरला. धरला आणि लगेच सोडला, पण मनगटाजवळ दोन दात उतरले होते. मी धावत गेलो तोवर तो तुरीतून पळून गेला होता. मायनं जखमेत लाल तिखट भरलं, आमच्याकडं तोच उपाय होता. बायकोनं दात आवळून धरले, पण ती ओरडली नाही. वडील कुऱ्हाड घेऊन तुरीत शिरले. तासाभरानं ते रिकामे परत आले, तेव्हा मी बंडी जुंपली आणि तिला कारंज्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरनं तिखट धुऊन काढलं, मायला नावं ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "कुत्रा मारलात का?"

"पळाला," मी म्हणालो.

"बरं झालं. शोधा आणि बांधून ठेवा. त्याला खाऊपिऊ घाला. पंधरा दिवस धड जगला तर बाईंना धोका नाही. मेला, किंवा सापडलाच नाही, तर इथं विचारायलासुद्धा थांबू नका, तसेच अमरावतीला न्या. तिथं पोटात सुया देतात. आणि उशीर केलात तर..." त्यांनी बायकोकडं पाहून हसल्यासारखं केलं.

परत येताना मी बैलांना जेवढं पळवता येईल तेवढं पळवलं. आता बायकोचा जीव त्या कुत्र्याच्या जिवाला बांधला गेला होता. वडिलांनी त्याला शोधून मारला असेल, नाहीतर वाटेवरच्या कोणी दगडांनी ठेचला असेल, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. ती मागं बसून होती. मध्येच म्हणाली, "मी भुकाले लागली तर आधी सांगजा बरं. सासूबाईच्या पुढं बरं नाई दिसत."

मी कासरा आणखी झटकला.

तांबडा पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगाखाली सापडला. मी वाकून बोलावलं तसा पोट घासत, शेपूट हलवत माझ्याकडं आला. मी त्याला बैलाच्या साखळीनं विहिरीजवळच्या निंबाला बांधला. तेव्हापासून आमच्या घरात कोणी कोणाशी सरळ बोलेना. वडील सकाळी उठून आधी निंबाकडं जायचे, तो श्वास घेतोय का पाहायचे. आणि बायकोनं पाण्याचा गडवा तोंडाला लावला की आम्ही तिघंही, बघत नसल्यासारखं करून, तिच्या घशाकडं पाहायचो. मळ्यात जिकडंतिकडं पाणी होतं. मोट दिवसभर पाणी ओतायची, पाट वाहायचा. तो आवाज मला लहानपणापासून आवडायचा. त्या दिवसांत तो बंद पडावा असं वाटे.

पाचव्या की सहाव्या दिवशी मला कळलं. दुपारी बायको त्याच्यासमोर भाकर ठेवायला गेली. मी काठी घेऊन मागं होतो. तांबड्यानं भाकर सोडली आणि तिचा बांधलेला हात चाटला. ती तिथंच बसून रडली. त्याच दिवशी तिन्हीसांजेला ती पुन्हा पाणी ठेवायला गेली, तर तो साखळी ताणून मागं सरकला आणि तीच गुरगुर सुरू झाली. दुपारच्या आणि संध्याकाळच्या बायकोत फरक एकच होता. थंडी पडली होती, म्हणून तिनं घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतली होती.

चावला त्या सकाळीही बायकोनं अशीच खोळ घेतली होती. वडील सकाळी खोळ घेऊन निघत. माय खोळ घेऊनच शेण काढी. मी तेवढा घेत नव्हतो. मी कारंज्याच्या बाजारातून एक जुना कोट आणला होता, आणि त्याचा मला मोठा तोरा होता.

आता ते सांगतो. त्याआधीच्या उन्हाळ्यात आमच्या काकड्या आणि कांदे चोरीला जात होते. तांबडा तेव्हा वर्षाचाही नव्हता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शेपूट हलवायचा. आमच्या शिवारात असलं कुत्रं 'तिखट' करायची एक रीत होती. चोर येतो तसं घोंगडीची खोळ घेऊन, तोंड झाकून, अंधार पडता पडता कुंपणावरून यायचं, कुत्र्याला छडीनं मारायचं आणि ते भुंकलं की पळून जायचं, म्हणजे त्याला वाटतं आपण जिंकलो. वडिलांनी मला सांगितलं होतं, "आपल्याले नाई करायचं तसलं. जनावर इसरत नाई." मी त्यांना न सांगता केलं. ते बाजाराला जात त्या संध्याकाळी मी खोळ घ्यायचो आणि निरगुडीची छडी. आणि रीतीप्रमाणेही केलं नाही. एकदा तांबड्यानं वासानं मला ओळखलं. खोळीतल्या चोरासमोर तो शेपूट हलवत उभा राहिला. चोराला पाहून शेपूट हलवणारं कुत्रं काय कामाचं, म्हणून मी पळालो नाही, उलट त्या दिवशी सगळ्यांत जास्त मारलं. खोळीतून ओळखीचा वास आला तरी भरवसा ठेवायचा नाही, हे त्याला शिकवलं ते मी.

कळल्याबरोबर मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मी स्वतःला समजावलं की माझं चुकत असेल तर? खोळीला भिणारं कुत्रं पिसाळू शकत नाही असं थोडंच आहे? हे खोटं नव्हतं, माझी भीती खरोखर गेली नव्हती. पण गप्प बसलो ते त्यासाठी नाही. वडील माझ्याकडं कसे पाहतील, यासाठी बसलो. आणखी तीन दिवस बायकोच्या घशाकडं पाहत राहिलो.

मग एक दिवस तांबड्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. वडील अमरावतीसाठी बंडीच्या चाकांना तेल घालायला लागले. बायको दुपारी मोटेजवळ माझ्याकडं आली. तिनं पायांतले वाळे काढून पदरात बांधले होते. म्हणाली, "हे माह्या लहान बहिनीले द्या. मंग कोनाले आठवन राह्यत नाई."

तेव्हा मी सांगितलं. बैल थांबवले, आणि उन्हाळ्यातलं सगळं, छडीसकट, सांगितलं. मी संपवलं तशी ती म्हणाली, "कवापासून ठावूक हाय तुमाले?"

"तीन दिवस."

"तीन दिवस. अन् माह्या घशाकडं काहून पाहून राह्यले व्हते मंग?"

"मलेबी भेव वाटे."

"तुमाले!" ती म्हणाली. "मी रातभर थुकी गिळून पाहो, जाते का नाई म्हनून."

ती खोपटात गेली आणि वडिलांची घोंगडी घेऊन आली. ती माझ्या अंगावर टाकली. "घ्या खोळ. अन् जा त्याच्यापाशी. मले पाहू द्या."

कोट काढून मी खोळ घेतली. निंबापर्यंत पंचवीसएक पावलं असतील, ती मी एकेक करून टाकली. तांबड्यानं मला दुरूनच पाहिलं. गुरगुर सुरू झाली, आणि त्या हिवाळ्यात ती पहिल्यांदा माझ्यासाठी होती. जवळ गेलो तसा तो साखळी जाईल तेवढा मागं गेला, खोडाला पाठ लावली आणि दात दाखवता दाखवताच त्याचं मूत सुटलं. इतके दिवस आम्ही ज्याला त्याचं पिसाळणं समजत होतो, ते त्याचं भिणं होतं. तो आम्हाला म्हणत होता, एवढ्यावरच थांबा, पुढं येऊ नका. बायकोनं हात पुढं केला होता, म्हणून चावला.

मी खोळ मागं टाकली. त्याला माझं तोंड दिसलं. गुरगुर थांबली नाही.

मागं वडील उभे होते. बायकोनं त्यांना किती सांगितलं होतं कोण जाणे, पण त्यांच्या तोंडावरून कळलं की पुरेसं सांगितलं होतं. त्यांनी माझ्या अंगावरची घोंगडी काढून घेतली, घडी केली आणि बंडीत टाकली. मायची आणि बायकोचीही त्यात टाकली. "आजपासून मळ्यात खोळ कोनीच घ्याची नाई," ते म्हणाले. माझ्याशी एवढंच बोलले, तेही माझ्याकडं न पाहता.

संध्याकाळी तांबड्यानं बायकोच्या हातून भाकर खाल्ली. डॉक्टरनं सांगितलेले दिवस अजून पुरे व्हायचे होते आणि ते पुरे होईपर्यंत आमच्यातला कोणीही खात्रीनं काही बोलला नसता. बायकोनं वाळे परत घातले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दव इतकं होतं की वांग्यांची पानं पांढरी दिसत होती. वडील नुसत्या सदऱ्यावर आणि धोतरावर बाहेर आले, खांद्यावर काही नाही. निंबाखाली तांबड्याजवळ उकिडवे बसले. त्यांचे दात वाजत होते आणि हात काखेत होते, पण ते त्याच्याशी हळूहळू काहीतरी बोलत होते. तो त्यांच्या गुडघ्याला नाक लावून होता. मी कोट काढला आणि मागून त्यांच्या खांद्यावर ठेवायला गेलो. तांबडा मागं सरकला आणि घशातून तोच आवाज आला.

"राहू दे," वडील म्हणाले. "तूच घाल. अन् जरा तिकडं उभा राह्य, त्याले भेव वाटून राह्यलं."

मी कोट हातात घेऊन मोटेपाशी जाऊन उभा राहिलो.