मामांच्या संमतीची गिटार

“ठेव! आधी ठेव ती खाली!” मामा असे गरजले, की दुकानात टांगलेल्या झाडून साऱ्या गिटारी आपोआप झणझणल्या. माझ्या लेकीच्या, रियाच्या हातात आरशासारखी चकाकणारी निळी गिटार होती.

“आजोबा, नुसती बघतेय मी!”

“बघायचं असेल तर कपाट बघ. गिटार ऐकायची असते!”

हे माझ्या बायकोचे मामा, मुक्काम पापडी. आमच्या वसई-विरार पट्ट्यात यांच्या संमतीवाचून लग्न जमेल, फ्लॅट मिळेल, पण गिटार घेता येणार नाही. त्यांचा नियम असा: नवशिक्याला नायलॉनच्या तारांची, हलकीशी, बोटांशी न भांडणारी गिटार. पोलादी तारांची हौस सांगत कुणी आला, की वाडीतलं केळं पिकलंय का पाहावं तशी मामा त्याच्या डाव्या हाताची बोटं दाबतात; फरक एवढाच, की सरावाचे घट्टे नसले, मऊ लागलं, तर नापास. “कच्चा आहेस. पुढल्या नाताळला ये.” आचोळ्याच्या एका बँकवाल्याने यांना न विचारता थेट इलेक्ट्रिक गिटार आणि फ्रिजएवढा स्पीकर आणला. त्याने पहिली तार छेडली तेव्हा तिकडे अर्नाळ्याला वाळत टांगलेल्या बोंबलांनी माना वर केल्या, हे मी स्वतः ऐकलेलं आहे. मामांनी तो स्पीकर उचलून स्वतःच्या घरी नेला. “तीन कॉर्ड न अडखळता वाजव आणि घेऊन जा.” आज तो लग्नांत वाजवतो आणि मामा दिसले की स्टेजवरूनच हात जोडतो.

रियाचं मात्र अडलं होतं. गावच्या सणाला, चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेत, ती पहिल्यांदाच एकटी साथ करणार होती आणि तिच्या जुन्या छोट्या गिटारीचा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नव्हता. मामा ‘हो’ म्हणाले तरच नवी मिळणार.

निळी परत खुंटीवर गेली. शेवटी दोन साध्या, तपकिरी गिटारी उरल्या. मामांनी रियाला भिंतीकडे तोंड करून बसवलं, स्वतःही शेजारी तसेच बसले आणि दुकानदाराला आळीपाळीने वाजवायला सांगितलं.

“पहिली,” मामा म्हणाले. विषय संपला.

“दुसरी,” रिया म्हणाली. “पहिली वरच्या सुरात खरखरते, आजोबा.”

दुकानदाराचा हात तारेवरच थिजला. मामांच्या निवडीला ‘नाही’ म्हणणारं माणूस पट्ट्यात जन्मलंच नव्हतं.

“पुन्हा वाजव,” मामा म्हणाले. मग पुन्हा. मग पहिली मांडीवर घेऊन त्यांनी लाकडाला कान लावला आणि ती वरच्या सुराची तार छेडत राहिले. शेवटी बोटाचं टोक तारेशी टेकवलं, तेव्हा कुठे मान हलली. जे कानाला लागलं नाही, ते बोटाला लागलं होतं.

“दुसरी बांधा,” ते दुकानदाराला म्हणाले. रियाची बोटं त्यांनी दाबलीही नाहीत.

बाहेर पडताना माझी छाती इतकी फुगली होती, की रिक्षात मावली नसती. लेक गिटार कवटाळून पुढे चालली होती. मला राहवेना. “काय मामा, नातीने हरवलं ना? कसं वाटतंय?”

मामा तिच्या पाठीकडे बघत होते.

“कव्हर घ्यायचं राहिलं,” ते म्हणाले.