मैदानातली खुरपणी आणि माझं पहिलं पिवळं कार्ड

व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून माझी कारकीर्द अकरा मिनिटांची आहे. गावात हे बरीच वर्षं कुणालाच माहीत नव्हतं. गावाचा समज असा की मी मुंबईला तीन वर्षं खेळलो. तोही अगदी खोटा नाही. तीन वर्षं मी एका क्लबचा पगार घेतला, त्यांची जर्सी घातली आणि राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलो. बसायचं काम मी फार इमानदारीनं केलं. मग एका सामन्यात आमच्या डाव्या बचावपटूचा गुडघा गेला आणि प्रशिक्षकांनी माझ्याकडं बोट केलं. आधी मला वाटलं, पाण्याची बाटली मागताहेत.

त्या अकरा मिनिटांत काय झालं ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यातून निघालं. बचावाची एक साधी युक्ती असते. चौघांनी एका ओळीत उभं राहायचं आणि इशारा झाला की चौघांनी एकदम पुढं सरकायचं. मागे उरलेला विरोधी खेळाडू ऑफसाइड ठरतो आणि त्याचा गोल धरत नाहीत. अट एकच, चौघांतला एकही मागं राहता कामा नये. इशारा झाला, तिघं सरकले. चौथा बुटाची नाडी बांधत होता. विरोधी खेळाडू माझ्या शेजारून चेंडू घेऊन गेला, आणि जाताना त्यानं माझे आभार मानल्यासारखी मान हलवली, असं मला आजही वाटतं. प्रशिक्षक काठावरून ओरडले ते शब्द मराठीत बसत नाहीत. पुढच्या हंगामाला क्लबनं मला बोलावलं नाही.

मी परत आलो. परभणीहून पोखर्णीला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. तिथल्या शाळेत मी क्रीडाशिक्षक झालो. मुलांना क्रिकेट हवं होतं, म्हणून मी मुलींचा फुटबॉल संघ काढला. पोरी दमदार. धावायच्या, धडका द्यायच्या, पायाला लागलं तर थुंकी लावून पुन्हा उभ्या राहायच्या. फक्त ओळ धरायच्या नाहीत. चेंडू दिसला की चौघी चार दिशांनी सुटायच्या. मी फक्कीच्या रेघा मारून पाहिल्या. चौघींच्या कमरेला एक दोर बांधून पाहिला. एक पडली तशा चौघी पडल्या आणि सराव तिथंच संपला. दोन वर्षं मी "ओळ, ओळ!" ओरडत होतो. गावातली माणसं विचारायची, "सर, कुणाला हाका मारायलाव?"

एवढ्यात संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. अध्यक्ष क्रिकेटचे भक्त. ते म्हणाले, "सर, यंदा तालुक्याचे सामने आपल्या मैदानावर घेऊ म्हणताव, घ्या. पण मैदान नीट दिसलं पाहिजे. न्हाई तर मी तिथं खेळपट्टी टाकतो आन् तुमचा फुटबॉल खलास."

आमचं मैदान म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात भेग अशी पडते की बूट आत जातो, आणि पावसात एकेका पायाला अर्ध्या वावराची माती चिकटते. यावर गवत हाच इलाज. गवताला खत हवं. आणि खताचा विषय निघाला की आमच्याकडं लहान पोर पण सांगेल, मेंढ्या बसवा.

उन्हाळ्यात मेंढपाळ कळप घेऊन गावोगाव फिरतात. शेतकरी त्यांना वावरात मुक्कामाला ठेवतो, बदल्यात ज्वारी देतो आणि रानाला फुकट लेंडीखत मिळतं. मी एका मेंढपाळ मामांना गाठलं. कळप मोठा, त्यात थोड्या शेळ्या. मैदान दाखवलं.

मामांनी मैदान पाहिलं, मग मला पाहिलं. "मास्तर, जनावरं महिनाभर बाभळीच्या शेंगा खायलेत. वावरात लोक मागून वखर फिरवतेत म्हणून चालतंय. तुमी वखर फिरवणार का?"

"मामा," मी म्हणालो, "मी याच मातीतला आहे. मला शिकवू नका."

हे वाक्य मी आयुष्यात तीनदा उच्चारलंय आणि तिन्ही वेळा पुढच्या दोन महिन्यांत पस्तावलोय.

मेंढ्या आठवडाभर बसल्या. पाऊस झाला. गवत असं आलं, असं आलं की अध्यक्षांनी त्यावर उभं राहून फोटो काढून घेतला. मी छाती काढून फिरायला लागलो. सामने पंधरा दिवसांवर आले तेव्हा एक पोर सराव करताना किंचाळली. तिच्या टाचेतून काटा निघाला. मी खाली वाकून पाहिलं. गवताच्या आत बोटभर उंचीचं बाभळीचं रोप. त्याच्या शेजारी दुसरं. मी मोजायला लागलो आणि गोलपर्यंत पोचायच्या आत मोजणं सोडलं. शेंगांतलं बी मेंढ्यांच्या पोटातून जाऊन, खतासकट, पाण्यासकट, अगदी लाडानं पेरलं गेलं होतं. गवत मी एकट्यानं केलं म्हणून मिरवत होतो; आता बाभूळबनही माझ्याच खात्यावर होतं. आमच्या निम्म्या पोरी अनवाणी खेळतात.

त्याच दुपारी अध्यक्ष आले. पोरीची टाच पाहिली, काटा पाहिला. ते शांतपणे म्हणाले, आणि ते शांत झाले की भीती वाटते, "सामन्यात एका बी पोरीच्या पायातून काटा निघाला, सर, की दुसऱ्या दिवशी मैदानावर रोलर."

मी मामांना फोन लावला. ते तोवर कळप घेऊन लांब गेले होते.

"मामा, बाभळी उगवल्या."

"म्हणलं नव्हतं का? वखर फिरवा."

"मैदान आहे मामा. वखर फिरवला तर गवत जाईल."

"मंग खुरपा," मामा म्हणाले, आणि मागून एक बकरी हसल्यासारखी ओरडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच उकिडवा बसून रोपं उपटत होतो. तासाभरात मी गोलच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पोचलो होतो. संघ सरावाला आला. आमची कर्णधार नववीतली, उंच, मधल्या बचावात खेळणारी. रविवारी घरच्या रानात खुरपायला जाते. ती माझ्या मागं येऊन उभी राहिली.

"सर, तुमी काय करायलाव?"

"बाभळी उपटायलोय."

"असं उपटल्यावर दिवाळी येईल. सरका."

तिनं पोरींना घरी पिटाळलं आणि खुरपी आणायला लावली. मग सगळ्यांना गोलरेषेवर एका ओळीत बसवलं. खुरपणीत प्रत्येक बाईच्या वाट्याला जो पट्टा येतो त्याला आमच्याकडं पात म्हणतात. कर्णधारानं हात करून पाती वाटल्या, आणि ओळ निघाली. मी शिट्टी हातात धरून पाहत राहिलो. अकरा पोरी, अकरा खुरपी, आणि ओळ सुतळी लावल्यासारखी सरळ. कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. एकीचा हात जरा थांबला की लगेच शेजारून, "ए नवरीबाई, मेंदी वाळायलीय का? पात राहिली की!"

दोन वर्षं दोर बांधून जे जमलं नाही ते समोर उकिडवं चाललं होतं.

मला राहवलं नाही. मी पण खुरपं घेतलं, कडेची पात धरली. दहा मिनिटांत कंबर गेली. मी जरा थांबलो, मान वर केली, तर सगळी ओळ पुढं निघून गेलेली.

"सर," कर्णधार मागं वळून म्हणाली, "तुमची पात मागं राहिली."

मुंबईत काठावरून ओरडले होते ते हेच. एवढ्या वर्षांनी, जरा सभ्य भाषेत. मी तिथंच बसकण मारली आणि पोरींना नाडीची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच, कुणाला तरी. अकरा मिनिटांसकट. त्या हसून हसून मातीत लोळल्या.

"म्हंजी सर," हसू आवरत कर्णधार म्हणाली, "आमच्या मायनं तुमाला खुरपायला पण ठिवलं नसतं."

त्या दिवसापासून मी "ओळ" हा शब्द सोडला. सरावात एकच हाक, "पात!" आणि इशारा द्यायचा असला की "पात उचला!" चार दिवसांत चौघी एकदम सरकायला लागल्या. बाभळीही संपल्या, निदान आम्हाला तसं वाटलं.

सामन्याच्या दिवशी अध्यक्ष खुर्ची टाकून बसले. त्यांची नजर चेंडूवर नव्हती, पोरींच्या पायांवर होती. आम्ही एक गोल पुढं होतो. शेवटची काही मिनिटं उरली असताना समोरच्या शाळेची चपळ पोरगी आमच्या गोलकडं निघाली. तिच्याकडं चेंडू सुटायच्या क्षणी आमची कर्णधार गरजली, "पात उचला!" चौघी एका पावलानं सरकल्या. पोरगी एकटी मागं उरली. शिट्टी वाजली. ऑफसाइड.

मी नाचणारच होतो, तेवढ्यात मला ते दिसलं. आमच्या गोलसमोर, गवतात, एक टीचभर बाभूळ. मोकळी किक घ्यायला चेंडू तिथंच ठेवला होता आणि कर्णधार अनवाणी पायांनी पाच पावलं मागं गेली होती. पळत येताना तिचा पाय नेमका कुठं पडणार ते मला दिसत होतं. यावेळी मी नाडी बांधत बसलो नाही. मी धावलो, पडलो, आणि रोप मुळासकट उपटलं.

पंच माझ्यावर धावून आले. "मैदानात कशाला आलात?"

"काही नाही. गवत जरा वाढलं होतं."

त्यांनी पिवळं कार्ड दाखवलं. खेळाडू म्हणून मला कधी कार्ड मिळालं नव्हतं. अकरा मिनिटांत तेवढी सवडच झाली नव्हती. पहिलं कार्ड मिळालं ते खुरपणीबद्दल.

"सर," कर्णधार हळूच म्हणाली, "ती तुमची पात नव्हती."

सामना संपला. अध्यक्ष खुर्चीवरून उठले, पोरींच्या टाचा एकेक करून पाहिल्या आणि माझ्याकडं आले. "एक बी काटा न्हाई, सर! मैदान फुटबॉलचं." आणि त्यांनी माझा उजवा हात दोन्ही हातांत घेऊन घट्ट दाबला.

बाभळीचा काटा तळहातात आणखी आत गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अध्यक्षांना वाटलं, मी भारावलो. मी हात सोडवून घेतला नाही. त्यांची अट पोरींच्या पायांची होती. प्रशिक्षकाच्या हाताबद्दल काही ठरलं नव्हतं.