कानबाई परक्या बिल्डिंगमध्ये बसली

मुलाने सुरतेत भेस्तानला फ्लॅट घेतला, म्हणून यंदा कानबाई तिकडेच बसवायची, हे मीच ठरवलं. इतकी वर्षं सुकलाल पांडेसऱ्यात भाड्याच्या खोलीत होता. तिथे देवी बसवली तर माणसांनी जिन्यात बसायचं. श्रावणातल्या रविवारी अमळनेरहून गाडी धरली. मांडीवर पिशवी, पिशवीत आमची कानबाई, म्हणजे सासूने माझ्या हाती सोपवलेला नथ लावलेला नारळ. दिवेलागणीच्या आत बसवायची आणि एकदा बसली की सोमवारच्या विसर्जनापर्यंत हलवायची नाही.

भेस्तानला जाणाऱ्यांनी सुरतेच्या अलीकडे उधन्याला उतरावं. मी उतरले. मुलगा सुरत स्टेशनात उभा, कारण आईला मोठंच स्टेशन लागेल असं त्याला वाटलं. माझा मोबाइल मेलेला. शेअर रिक्षाने वीस रुपयांत गेले, निम्मी शेजारणीच्या मांडीवर.

टाउनशिप म्हणजे एकाच साच्यातून पाडलेल्या बिल्डिंगा. एका अंगाला धुरांडी, दुसऱ्या अंगाला खाडी. वॉचमनला विचारलं, सुकलालचं घर कुठलं?

"बा, बधां सरखां छे."

सगळी सारखीच, मग कुठल्याही घरात जा, असा त्याचा सूर. इतिहास मात्र न विचारता सांगितला: इथे आधी ऊस होता, मग म्हशी, मग बिल्डर.

तिसरा मजला, डावीकडचं दार, एवढं मला पाठ होतं. बिल्डिंगलाही नाव असतं हे कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे घराला माणसाचं नाव असतं.

दार एका नव्या नवरीने उघडलं. मला वाटलं, सुनेने रोट भाजायला मदतीला बोलावली असेल. ती नांदेडची, तिला वाटलं, नवऱ्याची एखादी मावशी बघायची राहिली असेल. पाया पडली. चौरंग आण म्हटलं तर नव्हता, वॉशिंग मशीनचा स्टँड घेऊन आली. कणीक मळ म्हटलं, मळली. इतकी ऐकणारी पोर सुनेने कुठून आणली, या नवलात मी देवी बसवली, दिवा लावला. मग भिंतीवरचा लग्नाचा फोटो दिसला. नवरदेवाला झुपकेदार मिशा. सुकलालला मिशी धड फुटलेलीच नाही.

"हे घर कोणाचं गं?"

"तुमच्या भाच्याचं की, मावशी."

तेवढ्यात भाचा आला. बायकोला विचारू लागला, या कोण. ती म्हणे, तुमच्याकडच्या ना? त्याच्याच चार्जरवर माझा मोबाइल जिवंत केला आणि सुकलालला बोलावलं. तो घामाघूम, मागे सून.

"आई, उचल आणि चल. तिकडे रांगोळी काढून ठेवलीय."

"बसली ती. आता तिला काय सांगू, बिल्डिंग चुकली?"

सून आठवडाभर घर धूत होती. ती तोंड फुगवून परक्या ओट्यावर रोट भाजत राहिली. मिशीवाल्याने आरती धरली आणि चार रोट खाल्ले. सोमवारी तापीत बुडवून नारळ परत पिशवीत घातला.

आता मी अमळनेरला घरी आहे. नांदेडवालीचा फोन येतो, मावशी, चौरंग घेतला, पुढच्या श्रावणात लवकर या. सुनेने पिशवीवर मार्करने बिल्डिंगचं नाव लिहून दिलंय. तिच्या घरात अजून देवी बसलेली नाही, हे मलाही कळतं. म्हणून बाजारातून आणखी एक नारळ आणला, त्यालाही नथ लावली. कुठला कोणाच्या घरी बसेल, ते मी सांगणार नाही. दोन्ही सारखेच दिसतात.