शर्टावरच्या सात बिया

जिन्यात बातमी अशी पसरली, की तिसऱ्या मजल्यावरच्या घड्याळजींच्या बायकोनं मरणाला टेकलेल्या नवऱ्याच्या तोंडात बोटं घालून टोमॅटो बाहेर काढला. तळमजल्यावर पोचेपर्यंत बोटांचा चिमटा झाला होता आणि टोमॅटोबरोबर एक दातही आला होता. दात खोटा. तोंडही खोटं. चिमटा मात्र खरा आणि टोमॅटोही खरा. म्हणजे बातमी निम्मी खरी, आणि आपल्या इमारतीच्या मानानं हे बरंच झालं.

घड्याळजींचं दुकान याच जिन्याखाली. ते उठून उभे राहिले की गिऱ्हाइकाला बाहेर जावं लागे, एवढं ऐसपैस. बायको घरी बसून शिंप्यांची काजं-बटणं करायची. मूलबाळ नाही. गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटो, तेही एकाच जातीचे: बुटके, देठापाशी हिरवट, आणि आत गर कमी, रसच रस. हे बी घड्याळजींनी बावीस वर्षं टिकवलं होतं. गॅलरीला कबुतरांसाठी जाळी लावलेली, त्यामुळे मधमाशी आत फिरकेना. मग हा माणूस सकाळी डोळ्याला भिंग लावून, घड्याळाच्या चाकांवरची धूळ झाडायच्या ब्रशानं एकेक फूल कुरवाळत बसायचा. शेजारणीनं "काय चाललंय?" म्हणून विचारलं, तर म्हणायचा, "हळू बोला, लाजतात."

घरचा नियम एकच. पहिला टोमॅटो खायचा नाही. तो धरला, की बायको काजांचा लाल दोरा त्याच्या देठाला बांधी. तो झाडावरच पिकून मऊ होऊ द्यायचा, मग त्याचा रस वाटीत तीन दिवस ठेवायचा, बी धुवायचं, कागदावर वाळवायचं. नवं बी पुडीत गेलं, की घड्याळजी जुनी पुडी फेकून देत. "नवी स्प्रिंग घातल्यावर जुनी कोण जपतं?"

गेल्या हंगामात त्या पुडीतलं एकही बी उगवलं नाही. बायकोनं माती बदलली, पुन्हा पेरलं. काही नाही. तिसऱ्यांदा पेरायला पुडी उघडली, तेव्हा तिनं सहज नाकाशी धरली. पेट्रोलचा वास. घड्याळजींनी बी धुतलं होतं ते चाकं धुवायच्या वाटीत, चाकं धुवायच्या पेट्रोलनं. चिमट्यानं एकेक उचलून, रबरी फुग्यानं वारा घालून, चकाचक करून पुडीत भरलं होतं. चाळीस वर्षं हात जे करत आले, तेच हातांनी केलं होतं. डोकं बरोबर नव्हतं.

त्याआधी गिऱ्हाइकांची घड्याळं उलटसुलट जोडली जात होती, तेव्हा तिनं वयावर ढकललं होतं. भिंतीवरच्या घड्याळाला ते "आत या" म्हणाले, तेव्हा ती हसलीही होती. पण त्यांनी आपलं बी मारलं, हे कळल्यावर तिनं खाली जाऊन दुकानाला कुलूप लावलं.

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. आधी घड्याळजी जिना विसरले, मग तिचं नाव, मग खाणं. घास तोंडात तसाच राहायचा. डॉक्टर म्हणाले, "पातळ द्या, आणि आता फार आशा ठेवू नका." कोपऱ्यातल्या एका डब्यात मात्र आदल्या साली पडून कुजलेल्या टोमॅटोतून एक रोप आपोआप वर आलं. त्याला तीन टोमॅटो धरले. दोन बुडाशी काळे पडून गळाले. तिसऱ्याला तिनं लाल दोरा बांधला. बावीस वर्षांतलं जे काही शिल्लक होतं, ते त्या एका देठाला लोंबत होतं.

अकरा दिवस घड्याळजींनी काही मागितलं नव्हतं. बाराव्या दिवशी सकाळी खुर्चीतून गॅलरीकडे बोट करून म्हणाले, "तो दे."

"अहो, तो बियाचा आहे."

"दे ना गं."

'गं' ऐकून ती उठली. गेल्या दोन महिन्यांत ते तिला 'बाई' म्हणत होते, नर्सला म्हणावं तसं.

तिनं हिशेब केला. टोमॅटो तोडायचा, आतलं बी आणि रस एका वाटीत काढून ठेवायचा आणि गर त्यांना भरवायचा. दोन्ही साधेल. तिनं तसंच केलं. बारीक तुकडे करून पहिला चमचा तोंडाशी नेला. घड्याळजींनी चावून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि ताटली लांब सारली.

"ही नुसती घड्याळाची वरची केस आहे," ते म्हणाले. "आतलं मशीन कुणी काढलं?"

ती ओट्यापाशी उभी राहिली. समोर ती वाटी. पलीकडे खुर्चीत तो माणूस तोंड उघडून वाट बघत होता. शेवटी तिनं वाटी उचलली, खुर्चीपाशी बसली आणि रस, बी, सगळं चमच्या-चमच्यानं त्यांना भरवलं. अर्धा तास लागला. घड्याळजी डोळे मिटून एकेक घोट गिळत होते, हनुवटीवरून ओघळत होतं, आणि त्यांनी वाटी चाटूनपुसून रिकामी करवली. मग म्हणाले, "हं. आता चालतंय," आणि झोपले.

आता तिनं त्यांचं भिंग डोळ्याला लावलं, त्यांचाच चिमटा घेतला आणि त्यांच्या शर्टावर, कॉलरच्या घडीत, बटणांच्या काजांत शोधायला लागली. ती काजं तिनंच केलेली. सात बिया निघाल्या. नेमक्या त्याच वेळी दार ढकलून नणंदबाई आत आल्या. भाऊ मान टाकून पडलेला, वहिनीचा चिमटा त्याच्या हनुवटीखाली! नणंदबाई तिथूनच किंचाळत मागे फिरल्या, आणि बातमी जिना उतरली.

सातांतल्या चार उगवल्या. दोन रोपं बुडाशी सडून आडवी झाली, एकाला कबुतरानं जाळीतून चोच घालून संपवलं. उरलेलं वीतभर झालं, त्या आठवड्यात घड्याळजी गेले. फूल काही त्यांनी पाहिलं नाही. पहिली फुलं तिच्या ब्रशाच्या धक्क्यानं गळूनच पडली. बऱ्याच दिवसांनी एक टोमॅटो धरला. तिनं दोरा बांधला.

नणंदबाई दादाची हत्यारं "आठवण म्हणून" न्यायला आल्या, तेव्हा तो पुरता लाल झालेला होता. त्या गॅलरीत जाऊन त्याला हात लावून आल्या.

"हा मला द्या वहिनी. माझ्या दादाचा शेवटचा घास तर तुम्ही तोंडातून काढलात, निदान हा तरी त्याच्या बहिणीला मिळू दे."

ती काजाला टाके घालत होती. मान वर न करता म्हणाली, "पहिला बियाला ठेवतात, वन्सं. दुसरा पिकला की या. आणि जुने कपडे घालून या, बिया सांडल्या तर मला वेचाव्या लागतात."